यंत्राची साक्ष आणि वकिलाची सही

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात मंद्रूप येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव झाल्यावर समाजातील एका वकिलाने चार उपयुक्त गोष्टी सांगाव्यात, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली आणि ते काम आमच्याकडे सोपविले, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. वकिलाला बोलावयास सांगितले म्हणजे वेळेचे भान राहत नाही, असा आपणांपैकी अनेकांचा अनुभव असेल. तथापि आज आमच्यासमोर अशील नाही आणि फीही नाही, तेव्हा आम्ही थोडक्यात आटोपू, अशी खात्री बाळगावी.

विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आम्हांस दिले होते. वारसाहक्क, वाटप, सातबारावरील नोंदी, शेतरस्ते हे आपल्या घराघरांतील विषय आहेत आणि त्यांवर मागील मेळाव्यांत बोलणे झालेले आहे. या खेपेस आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो वरवर पाहता परका वाटेल. कृत्रिम बुद्धिमत्तेची जी यंत्रे आज प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये येऊन बसली आहेत, त्यांचा वकिलीच्या कामात उपयोग कोठवर करावा आणि त्यास कोणते नियम असावेत, हा तो विषय होय. दोन प्रसंगांनी आम्हांस यावर विचार करण्यास भाग पाडले. त्यांपैकी पहिला आपल्याच समाजातील एका कुटुंबाचा आहे आणि दुसरा आमच्या स्वतःच्या चुकीचा आहे. दोन्ही नावे वगळून सांगतो.

सुमारे दोन वर्षांमागे या भागातील एक वयस्क गृहस्थ आमच्या कचेरीत आले. भावाभावांतील वाटपाच्या दाव्यात त्यांच्याविरुद्ध निकाल लागला होता. विहिरीकडील पाच एकर रान दुसऱ्या बाजूस जात होते. कागद पाहून आम्ही विचारले, "आप्पा, निकाल लागून एक्केचाळीस दिवस झाले. इतके दिवस कोठे होता?" ते शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, घाई नाही. मुलाने फोनला विचारले. अपिलाला नव्वद दिवस असतात म्हणाला."

आता नव्वद दिवस ही गोष्ट खोटी नाही. मुदतीच्या १९६३ च्या अधिनियमात उच्च न्यायालयाकडे करावयाच्या अपिलास नव्वद दिवसच दिलेले आहेत. परंतु आप्पांचे अपील जिल्हा न्यायालयात जावयाचे होते आणि तेथील मुदत तीस दिवसांची आहे. निकालाची नक्कल मिळण्यास लागणारे दिवस मुदतीतून वजा होतात हे खरे. पण घाई नाही या समजुतीने त्यांनी नकलेचा अर्जसुद्धा केलेला नव्हता. यंत्राने उत्तर दिले ते दुसऱ्या न्यायालयाच्या मुदतीचे. मुलाने प्रश्न विचारताना न्यायालयाचे नाव सांगितले नाही आणि यंत्राने त्यास उलट विचारले नाही. एखादा पहिल्या वर्षाचा वकील असता तरी त्याने प्रथम हेच विचारले असते की, निकाल कोणत्या न्यायालयाचा आहे?

पुढे विलंब माफीचा अर्ज करावा लागला. त्या अर्जावर हुकूम होण्यास वर्ष लोटले. विलंब माफ झाला. पण मधल्या काळात हुकूमनाम्याप्रमाणे मोजणीची नोटीस आली, स्थगितीसाठी धावाधाव झाली, आणि त्या वर्षी ज्वारीची पेरणी करावी की न करावी या विवंचनेत रान पडून राहिले. त्या घरातील माउलीने आम्हांस विचारले, "फोन चुकला तर त्याच्यावर दावा करता येतो का, वकीलसाहेब?" या साध्या प्रश्नात आजच्या विषयाचे सार आलेले आहे.

दुसरा प्रसंग आमचा. आमच्या हाताखाली काम करणारा एक हुशार तरुण विहिरीच्या पाण्याच्या पाळीसंबंधीच्या एका दाव्यात लेखी युक्तिवाद तयार करून घेऊन आला. भाषा स्वच्छ होती, मांडणी नेटकी होती आणि चार न्यायनिर्णयांचे दाखले होते. त्या दिवशी आमचे बोर्डावर तीन कज्जे होते. आम्ही वरवर वाचले व सही केली. कागद दाखल करण्यापूर्वी, केवळ सवयीने, आम्ही कपाटातील नियतकालिकाचा खंड काढून चौथा दाखला उघडला. त्या पृष्ठावर भाड्याच्या घराचा कज्जा होता, विहिरीचा नव्हे. पक्षकारांची नावेही वेगळी. पुष्कळ शोधले, तसा निर्णय कोणत्याही न्यायालयाने दिलेला आढळला नाही. तरुणास विचारता त्याने मान खाली घालून सांगितले की, मसुदा यंत्राकडून करून घेतला होता.

आम्ही तो कागद परत घेतला आणि प्रकरण तेथेच निवले. परंतु त्या तरुणास बोल लावण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. खाली सही आमची होती. कपाट उघडले नसते तर न्यायालयापुढे खोटा दाखला आम्हीच ठेवला असता.

हे यंत्र असे का वागते, हे समजून घेणे अगत्याचे आहे, नाहीतर त्यास लबाड म्हणून आपण मोकळे होऊ. ते लबाड नाही. तहसील कचेरीच्या दारात बसणारे जुने अर्जनवीस आपण पाहिले असतील. हजारो अर्ज लिहून अर्जाचा साचा त्यांच्या बोटांत बसलेला असे. आपण दोन शब्द सांगावेत आणि त्यांनी "सेवेशी सविनय सादर" पासून "कळावे" पर्यंत सारा अर्ज उतरवून द्यावा. या यंत्राने असे अगणित कागद वाचलेले आहेत आणि एका शब्दामागून दुसरा कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते हिशेबाने ठरवते. न्यायनिर्णयाचा दाखला कसा दिसतो हे त्यास उत्तम ठाऊक आहे: दोन पक्षकार, एक साल, नियतकालिकाचे नाव, पृष्ठांक. त्या साच्यात बसणारी नावे व आकडे ते सहज भरते. मूळ नोंद उघडून पाहण्याची सोय त्यास जोडून दिलेली नसेल, तर ते दप्तर न पाहताच बोलते. दिलेली असली तरी वाचलेल्याचा अर्थ चुकीचा लावण्याचा संभव राहतोच.

ही अडचण आपल्याच गावची आहे असे मात्र नव्हे. २०२३ च्या जून महिन्यात न्यूयॉर्क येथील संघराज्य न्यायालयाने दोन वकिलांस व त्यांच्या पेढीस मिळून ५,००० डॉलर दंड केला. विमानकंपनीविरुद्धच्या एका दाव्यात त्यांनी यंत्राने रचलेले सहा निर्णय दाखल केले होते. गंमत अशी की, निर्णय खरे आहेत काय असे वकिलाने यंत्रासच विचारले होते आणि यंत्राने ते खरे असल्याचे सांगितले होते. आरोपीसच साक्षीदार करण्यासारखा हा प्रकार! लंडन येथे २०२५ च्या जूनमध्ये अशीच प्रकरणे वरिष्ठ न्यायपीठापुढे आली. त्यांपैकी एकात दिलेल्या ४५ दाखल्यांपैकी १८ अस्तित्वातच नव्हते. विशेष हे की, तेथे शोध अशिलाने स्वतः केला होता आणि वकिलाने अशिलावर विश्वास ठेवला होता. आपणांपैकी जे सुशिक्षित अशील वकिलाकडे येताना फोनमधील उताऱ्यांचे भेंडोळे घेऊन येतात, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

आपल्या मुंबई उच्च न्यायालयापुढेही २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एक प्रकरण आले. एका कंपनीने सुमारे ३ कोटी रुपये उत्पन्न दाखविले असता आयकर खात्याने ते सुमारे २७ कोटी ९१ लाख रुपये ठरविले, आणि त्या आदेशात आधार म्हणून घेतलेले तीन न्यायनिर्णय मुळी अस्तित्वातच नाहीत असे निष्पन्न झाले. न्यायालयाने आदेश रद्द करून प्रकरण नव्याने विचारार्थ परत पाठविले आणि बजावले की, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या युगात यंत्राने पुढे टाकलेल्या फलितांवर माणूस विसंबू लागला आहे, तरी न्यायनिवाड्यासारखे काम करणाऱ्या अधिकाऱ्याने ती पडताळल्यावाचून वापरू नयेत. येथे चूक सरकारी बाजूची होती, हे लक्षात घ्या. उद्या अशी नोटीस आपल्या दुकानावर किंवा पतसंस्थेवर आली, तर तीत लिहिलेला दाखला खरा आहे की नाही हे पाहण्याचा आपणांसही हक्क आहे.

मग उपाय काय? काही जण म्हणतात, बंदी घाला. दुसरे म्हणतात, काळाबरोबर चला, नियम नकोत. आम्हांस दोन्ही मते ग्राह्य वाटत नाहीत.

बंदी व्यवहार्य नाही, आणि इष्टही नाही. आपल्या मंद्रूप भागात घरात कानडी, बाजारात मराठी, आणि वरिष्ठ न्यायालयात इंग्रजी अशी स्थिती आहे. खालच्या न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी ठरलेली आहे. पण उच्च न्यायालयाचा निकाल येतो तो इंग्रजीत. ज्याचे रान त्या निकालाने गेले वा राहिले, त्यास तो वाचता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'सुवास' या नावाची भाषांतराची यंत्रणा सुरू केली आणि तिच्या साहाय्याने अनेक निर्णय मराठीतही उपलब्ध होऊ लागले. हा लाभ लहान नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कामास लागले आणि आपल्या सोलापूर जिल्ह्याचा त्यात समावेश झाला, त्यामुळे मुंबईची फेरी वाचली. जागा जवळ आली तशी भाषाही जवळ यावी, असे कोणास वाटणार नाही? तथापि भाषांतरासही राखणदार हवा. "लीव्ह ग्रँटेड" म्हणजे अपील करण्यास परवानगी दिली. यंत्राने त्याचे "रजा मंजूर" केल्याचे उदाहरण न्यायालयीन वर्तुळात वारंवार सांगितले जाते. ताबा आणि मालकी, स्थगिती आणि मनाई, या शब्दांत अशी गफलत झाली तर हसण्याचे दिवस राहणार नाहीत.

नियम नकोत हे मतही टिकत नाही. दुसऱ्याच्या वतीने न्यायालयात बोलण्याचे काम आपल्या देशात कधीच मोकाट नव्हते. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टाने वकील, मुखत्यार यांच्या सनदेचे व शिस्तीचे नियम घातले. आपल्या मुंबई इलाख्यात १९२० चा प्लीडर्स ॲक्ट आला. स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने साऱ्या देशासाठी एकच व्यवस्था लावली. या सर्व कायद्यांत एक सूत्र आहे: जो सल्ला देतो त्याचे नाव पटावर असले पाहिजे, म्हणजे तो चुकला तर त्यास जाब विचारता येतो. त्याला ताकीद देता येते, काही काळ काम बंद ठेवता येते, पटावरून नाव काढता येते. यंत्राचे नाव कोणत्याही पटावर नाही. त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे: फोनची सनद रद्द करता येत नाही, कारण त्याजपाशी सनद नाहीच. म्हणून जबाबदारी त्याची सांगता येणार नाही; ती सही करणाऱ्या माणसाचीच राहिली पाहिजे.

केरळ उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२५ रोजी जिल्हा न्यायालयांसाठी एक धोरण जाहीर केले. त्याचे मुख्य कलम असे की, निष्कर्ष काढणे, दाद देणे, आदेश वा निकाल ठरविणे या कामी यंत्र वापरावयाचे नाही. मान्यता दिलेलीच साधने वापरावयाची, ती वापरल्याची नोंद ठेवावयाची, यंत्राचे भाषांतर जाणकाराने तपासावयाचे. अमेरिकेतील वकिलांच्या संघटनेने २०२४ च्या जुलैमध्ये आपल्या सभासदांस मार्गदर्शन केले, त्यात सक्षमता, गुप्तता, न्यायालयाशी प्रामाणिकपणा यांबरोबर फीचाही विचार आहे: यंत्रामुळे काम तासाऐवजी पाच मिनिटांत झाले तर तासाची फी घेऊ नये. आमच्या व्यवसायबंधूंस हे कलम रुचेल की नाही ते माहीत नाही. अशिलांस खासच रुचेल. युरोपने आपल्या २०२४ च्या कायद्यात न्यायदानास साहाय्य करणारी यंत्रे अधिक जोखमीच्या वर्गात घातली आहेत.

आमच्या अल्पमतीप्रमाणे आपल्याकडे वकिलांसाठी चार नियम पुरेसे होतील. पहिला, प्रत्येक दाखला मूळ संग्रहातून स्वतः वाचला आहे, असे सहीनिशी लिहून द्यावे. दुसरा, मसुद्यात यंत्राचे साहाय्य घेतले असल्यास न्यायालयाने विचारताच ते लपवू नये. तिसरा, अशिलाचे कागद त्याच्या लेखी संमतीवाचून कोणत्याही खुल्या यंत्रात घालू नयेत. चौथा, वाचलेल्या वेळेचा लाभ अशिलास मिळावा.

यांपैकी तिसऱ्या नियमाबद्दल दोन शब्द अधिक बोलणे भाग आहे. अशिलाने वकिलास विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून उघड करावयाची नाही, हे संरक्षण जुन्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. वकिलाचा कारकून व दुभाषी यांनाही ते लागू आहे. यंत्राचा त्यात उल्लेख नाही. घरातील सुनेचे दुखणे, मुलीच्या सासरचा वाद, कर्जाचे आकडे हे सारे आपण फोनमध्ये घालतो, तेव्हा ते कोणत्या देशातील कोणत्या दप्तरात जाऊन पडते याचा आपणांस पत्ता नसतो. चार भिंतींच्या आत जे वकिलाला सांगताना आपण आवाज खाली आणतो, ते यंत्रास सांगताना का आणू नये?

दाखल्याच्या बाबतीत एक जवळचे उदाहरण देतो. येथून जवळच, भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडल येथे शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठीच्या अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते. कोणी शंका घेतली तर वाद घालावा लागत नाही. कुडलला जावे आणि दगड पाहावा. न्यायनिर्णयाचा दाखला असाच असला पाहिजे. आज त्यासाठी मोठ्या ग्रंथालयाचीही गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय २०२३ पासून त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, आणि आपल्या दाव्याची स्थिती सीएनआर क्रमांकावरून कोणासही तपासता येते. आपल्या वकिलाने दाखला दिला तर "साहेब, तो कोठे पाहावयास मिळेल?" असे नम्रपणे विचारावे. त्यात वकिलाचा अपमान नाही.

आता एक कटू गोष्ट. आप्पांच्या मुलास आम्ही रागाने म्हणालो होतो, "अरे, फोनला विचारण्याऐवजी एकदा आमच्याकडे यावयाचे होते." तो म्हणाला, "काका, आलो होतो. दोनदा. दिवसभर बाकावर बसलो, तुम्ही कोर्टात होतात. फोन तरी लगेच बोलतो." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. मंद्रूपहून सोलापूरला जाणे-येणे, दिवसाची मजुरी, वर पुढची तारीख, आणि एवढे करून दोन वाक्यांचे उत्तर. लोक यंत्राकडे वळतात ते केवळ नवलाईने नव्हे; आम्ही वेळेवर दार उघडत नाही म्हणूनही वळतात. नियम कितीही कडक केले तरी ही उणीव भरून निघाल्यावाचून ते फोल ठरतील.

म्हणून मंडळापुढे आमची एक सूचना आहे. महिन्यातून एका रविवारी समाजातील वकिलांनी येथे, मंडळाच्या जागेत, सकाळचे तीन तास बसावे. फी घेऊ नये. कोणी निकाल आणावा, कोणी नोटीस आणावी, कोणी फोनवरचे उत्तर आणावे. ते वाचून खरे-खोटे सांगावे आणि मुदतीची तारीख कागदावर ठळक लिहून द्यावी. पहिला रविवार आम्ही स्वीकारतो. आमच्याकडील त्या तरुणाने दुसरा रविवार आपण होऊन मागून घेतला आहे, हे सांगण्यास आम्हांस आनंद वाटतो. मात्र मंडळाने निवाडे करू नयेत. जातीच्या पंचांनी न्याय करण्याचा काळ गेला, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा महाराष्ट्राचा कायदा आपणांस ठाऊक आहे. आपण फक्त योग्य दार दाखवावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दुर्बल उत्पन्नाची कुटुंबे यांना १९८७ च्या कायद्याप्रमाणे विनामूल्य वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते. हे घराघरांत लिहून ठेवावे.

विद्यार्थ्यांस एवढेच सांगणे आहे की, आज बक्षिसे घेतलेल्यांपैकी काही जण कायद्याचा अभ्यास करतील. त्यांनी यंत्र अवश्य शिकावे. आम्ही उतारवयात शिकत आहोत. परंतु यंत्राने दिलेला कागद दाखल करण्याआधी कपाट उघडण्याची सवय सोडू नये. त्या एका सवयीने आमची तीस वर्षांची अब्रू राखली.

आप्पांचे अपील अद्याप चालू आहे. त्याचा निकाल काय लागेल हे सांगणे वकिलास शोभत नाही. या वर्षी मात्र त्यांनी रान पेरले आहे, आणि पुढील तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर त्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे.